खेळाडूचें मोल आणि आंकड्यांची साक्ष

पवन मावळांत तिकोना पेठ या गांवीं उभें राहून वर पाहिलें, म्हणजे गडाला तिकोना हें नांव कां पडलें असावें, हें कोणास सांगावें लागत नाहीं. गडाचें दुसरें नांव वितंडगड. उंची विचाराल तर समुद्रसपाटीपासून सुमारें ३५०० फूट. हा आंकडा खरा आहे. परंतु शेवटच्या उभ्या पायऱ्या चढतांना छाती कशी भरून येते, हें त्या आंकड्यांत कोठेंच नाहीं. याच गडाचा आणखी एका आंकड्याशीं संबंध आलेला आहे. १६६५ सालच्या जून महिन्यांत पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांस २३ किल्ले व ४ लक्ष होनांचा मुलूख मोंगलांच्या स्वाधीन करावा लागला. महाराजांकडे १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख राहिला. दिलेल्या किल्ल्यांच्या यादींत पुरंदर, कोंढाणा, लोहगड आहेत, तसेच तुंग आणि तिकोना हेही आहेत. २३ ही बेरीज करतांना कोंढाणाही एक आणि तिकोनाही एक. मोजणाराच्या लेखीं दोहोंची किंमत सारखी. ज्याला राज्य राखावयाचें होतें त्याच्या लेखीं ती सारखी असणें शक्य नव्हतें.

श्रोतेहो, आज बोलावयाचें आहे तें गडकोटांविषयीं नाहीं, खेळाविषयीं आहे. परंतु प्रश्न तोच आहे. मोजणें आणि मोल करणें या दोन क्रियांमध्यें अंतर किती, आणि तें अंतर गणितानें कितपत कमी करतां येतें? अमेरिकेंतील महाविद्यालयांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या तरुण-तरुणींची पारख आज संख्याशास्त्राच्या साहाय्यानें मोठ्या बारकाईनें केली जाते. ही विद्या कशी वाढली, ती काय साधते आणि कोठें फसते, हें मी सांगणार आहें. मात्र आरंभ अमेरिकेंत न करतां पुण्यांत करतों. कारण ज्या कोड्यांतून ती विद्या जन्मास आली, तें कोडें आपल्या मैदानावर एकदां फार ठळकपणें उभें राहिलें होतें.

१९४८ सालचा डिसेंबर महिना. पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाचा सामना चालू होता. एका बाजूस महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूस काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीस आले आणि ४९४ मिनिटें खेळत राहिले. त्यांच्या नांवावर ४४३ धावा लागल्या. त्यांत ४९ चौकार व १ षट्कार. कमल भांडारकर यांनीं २०५ धावा काढल्या आणि दुसऱ्या गड्यासाठीं या दोघांची ४५५ धावांची भागी झाली. महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हांचा जागतिक उच्चांक मोडण्यास निंबाळकरांस अवघ्या १० धावा हव्या होत्या. इतक्यांत खेळाची मधली सुटी झाली आणि काठेवाडच्या कर्णधारानें सामना सोडून दिला. पुढें खेळच झाला नाहीं. नाबाद ४४३ हा आंकडा तेथेंच थिजला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें एका भारतीयानें एका डावांत काढलेल्या सर्वाधिक धावा आजही त्याच आहेत.

आतां या आंकड्याची उलटतपासणी करूं. ८२६ पैकीं ४४३ म्हणजे शेंकडा ५४ च्या आसपास धावा एकट्याच्या. हा वांटा प्रचंड आहे, यांत शंका नाहीं. परंतु उरलेल्या ३८३ धावाही त्याच गोलंदाजीवर, त्याच खेळपट्टीवर, केवळ ४ गडी बाद होऊन निघाल्या, हेंही त्याच धावफलकांत लिहिलेलें आहे. म्हणजे गोलंदाजी त्या दिवशीं फारशी तिखट नव्हती. मग ४४३ मधून निंबाळकरांच्या कर्तृत्वाचा भाग किती आणि गोलंदाजांच्या दुबळेपणाचा किती? एका डावावरून याचें उत्तर देतां येत नाहीं. त्यासाठीं त्यांची सगळी कारकीर्द पाहावी लागते, आणि ती सांगते कीं प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत त्यांनीं ४८४१ धावा ४७.९३ च्या सरासरीनें केल्या. ही सरासरी साध्या फलंदाजाची नव्हे. तरीही निंबाळकरांस एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. आंकडा डोळ्यांसमोर होता; पण त्याची किंमत काय, हें ठरविणाऱ्यांस ठरवितां आलें नाहीं, किंवा त्यांनीं तें निराळें ठरविलें.

याच्या उलट बाजूचें उदाहरणही पुण्याचेंच आहे. प्रा. दि. ब. देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ सालीं मुंबईस इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाच्या बाजूनें खेळतांना त्यांनीं १४८ धावा काढल्या. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ सालीं, आणि त्या वेळीं प्राध्यापकमहाशय ४० वर्षांचे होते. त्यांच्या नांवापुढें कसोटी सामन्यांचा रकाना कायमचा कोरा राहिला. पण १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्याच नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें रणजी करंडक जिंकला. कोरा रकाना म्हणजे कर्तृत्वाचा अभाव, असें जो वाचील, तो देवधरांविषयीं केवढी चूक करील! रकाना कोरा असण्याचें कारण खेळाडूंत नसून काळांत असूं शकतें.

तेव्हां आंकडा वाचावयाचा म्हणजे तो कशानें भागलेला आहे, कोणाविरुद्ध मिळविलेला आहे आणि कोणत्या परिस्थितींत थांबलेला आहे, हीं तीन गोष्टी विचारणें प्राप्त होतें. सर्वांस ठाऊक असलेली सरासरीच घ्या. ब्रॅडमन यांनीं कसोटी क्रिकेटमध्यें ८० डावांत ६९९६ धावा केल्या. ८० नीं भागलें तर ८७ पूर्णांक आणि कांहीं येतात. पण त्यांची प्रसिद्ध सरासरी ९९.९४ आहे. कारण ते १० वेळां नाबाद राहिले, आणि भागाकार ७० नीं करावयाचा असा संकेत आहे. या संकेताच्या मुळाशीं एक शहाणपण आहे. जो डाव पुरा झालाच नाहीं, तो पुरा झाला असें धरून खेळाडूवर अन्याय करूं नये.

हेंच शहाणपण आपल्या खो-खोच्या प्रेक्षकांस शाळेंत न जातांही अवगत असतें. खो-खोच्या बातमींत अमक्यानें १ मिनिट ४० सेकंद संरक्षण केलें व ३ गडी टिपले, असें छापून येतें. पण डाव संपावयास अर्धें मिनिट उरलें असतां जो धावावयास उतरला आणि शेवटपर्यंत बाद झाला नाहीं, त्याच्या नांवावर अर्धेंच मिनिट लागतें. तेवढ्यावरून त्यास दुबळा म्हणणारा मनुष्य मैदानावर हास्यास्पद ठरेल. तसेंच, पाठलाग करणारे ताजेतवाने असतांना काढलेलें एक मिनिट आणि ते दमले असतांना काढलेलें एक मिनिट, हीं दोन्हीं घड्याळास सारखीं. जाणत्यास सारखीं नाहींत.

आतां बास्केटबॉलकडे वळूं. हा खेळ जन्मापासूनच विद्यार्थ्यांचा आहे. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षण विद्यालयांत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें तो रचला. हिंवाळ्यांत बाहेर खेळतां येत नाहीं म्हणून व्यायामशाळेच्या सज्जास पीच फळांच्या दोन टोपल्या बांधल्या, १३ नियम लिहिले आणि वर्गांतील १८ मुलांचे दोन संघ केले. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू टोपलींत एकदांच पडला. याच ख्रिस्ती तरुण संघानें पुढें तो खेळ देशोदेशीं नेला. हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनीं आपल्याकडेही त्याचा प्रसार केला.

चेंडू एकदांच पडत होता तोंपर्यंत मोजणी सोपी होती. पुढें दोन्ही संघ मिळून शंभरांहून अधिक गुण करूं लागले आणि कोणी किती गुण केले यावरून खेळाडूची प्रत ठरूं लागली. यांत गफलत अशी कीं, जो पुष्कळ वेळां चेंडू टोपलीकडे फेंकतो त्याचे गुण पुष्कळ होणारच. क्रिकेटमध्यें बाद झालेला फलंदाज तंबूंत परततो. बास्केटबॉलमध्यें नेम चुकविणारा खेळाडू मैदानावरच राहतो आणि पुन्हां नेम धरतो. त्याच्या चुकांची किंमत त्याच्या सोबत्यांनीं मोजलेली असते.

या गफलतीवर उपाय म्हणून भागाकाराची संख्याच बदलण्यांत आली. पुढें १९६१ ते १९९७ पर्यंत उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या संघाचे प्रमुख शिक्षक झालेले डीन स्मिथ यांनीं १९५० नंतरच्या दशकांतच असें प्रतिपादिलें कीं, संघानें किती गुण केले याला एकट्याला अर्थ नाहीं. चेंडू किती वेळां संघाच्या ताब्यांत आला आणि दर ताब्यामागें किती गुण झाले, हें पाहिलें पाहिजे. एक संघ धांवपळीनें खेळतो, दुसरा सावकाश. पण एका संघाचा ताबा संपला कीं दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणून एका सामन्यांत दोघांच्या ताब्यांची संख्या जवळजवळ सारखीच असते. म्हणून ताबा हें माप न्याय्य आहे. समजा, एका खेळाडूनें २० गुण केले, पण त्यासाठीं संघाचे २५ ताबे खर्ची घातले. दुसऱ्यानें १४ गुण केले आणि १२ ताबे खर्चिले. शंभर ताब्यांच्या हिशेबानें पहिल्याचे ८० गुण होतात व दुसऱ्याचे सुमारें ११७. वर्तमानपत्रांत नांव पहिल्याचें येईल; जमाखर्च मात्र दुसऱ्याच्या बाजूनें बोलेल.

नेमाच्या बाबतींतही असेंच झालें. अमेरिकन महाविद्यालयांत दूरच्या फेंकीस ३ गुण देण्याचा नियम १९८६-८७ च्या हंगामापासून सर्वत्र लागू झाला. एकानें जवळून १० वेळां चेंडू फेंकला व ५ वेळां साधला, तर त्याचे १० गुण. दुसऱ्यानें दुरून १० वेळां फेंकला व ४ वेळांच साधला, तर त्याचे १२ गुण. शेंकडेवारींत पहिला ५० वर व दुसरा ४० वर. गुणांत दुसरा पुढें. म्हणून दूरची यशस्वी फेंक दीडपट धरण्याची रीत पडली, आणि त्या रीतीनें दुसरा ६० वर गेला. डीन ऑलिव्हर यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा मापांची व्यवस्थित मांडणी केली. संघाचें यश चार गोष्टींवर अवलंबून असतें, असें त्यांचें म्हणणें: नेमाची परिणामकारकता, फुकट गमावलेले ताबे, हुकलेल्या फेंकीनंतर पुन्हां मिळविलेला चेंडू, आणि प्रतिपक्षाच्या नियमभंगामुळें मिळणाऱ्या मोकळ्या फेंकी.

तरीही बरेंच कांहीं मोजणीबाहेर राहतें. ज्याच्या समोर उभें राहून फेंकण्याची कोणाची छातीच होत नाहीं, त्या बचावपटूच्या नांवापुढें वहींत काय लिहावयाचें? तेथें घडलें कांहींच नाहीं, आणि कांहीं घडूं न देणें हेंच त्याचें कर्तृत्व. यासाठीं निराळी युक्ति निघाली. एखादा खेळाडू मैदानावर असतांना त्याचा संघ किती गुणांनीं पुढें वा मागें गेला, हें टिपावयाचें. पण तो एकटा थोडाच असतो? उत्तम सोबत्यांच्या संगतींत सामान्यही चमकतो. तेव्हां कोण कोणाबरोबर व कोणाविरुद्ध खेळत होतें हें प्रत्येक तुकड्यागणिक नोंदवून शेंकडो समीकरणें मांडतात आणि प्रत्येकाचा वांटा वेगळा काढण्याचा यत्न करतात. ४४३ मधून काठेवाडच्या गोलंदाजीचा वांटा वजा कसा करावा, हा जो प्रश्न आपण मघां विचारला, त्याचेंच हें उत्तर आहे.

परंतु येथें महाविद्यालयीन खेळाची खरी अडचण पुढें येते. हंगाम लहान, सामने थोडे, आणि अमेरिकेच्या वरच्या विभागांत साडेतीनशेंहून अधिक संस्था. सर्वांनीं सर्वांशीं खेळणें अशक्य. बाद पद्धतीच्या स्पर्धेंत तर पहिल्याच दिवशीं हरलेल्या संघांतील गुणी मुलास दुसरी संधीच नाहीं. थोड्या नोंदींवरून मोठें विधान करावयाचें, तेंही एखाद्या तरुणाच्या भवितव्याविषयीं!

या अडचणीवर ब्रॅडली एफ्रॉन व कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं दिलेलें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९७० च्या हंगामांतील १८ बेसबॉलपटूंच्या पहिल्या ४५ संधी त्यांनीं घेतल्या आणि त्यांवरून उरलेल्या हंगामाचें भाकीत करून पाहिलें. प्रत्येकाची सुरुवातीची सरासरी जशीच्या तशी न धरतां ती सर्वांच्या मध्याकडे ओढून घ्यावी, अशी त्यांची रीत. थोड्या नोंदींत दैवाचा भाग मोठा असतो. जो फार वर दिसतो त्यास नशिबाची साथ असते, जो फार खालीं दिसतो त्यास नशिबाचा फटका. रीत यशस्वी झाली आणि बहुतेकांच्या बाबतींत भाकीत सुधारलें. पण त्या यादींत सर्वांत वर रॉबर्टो क्लेमेंटे होता. त्याचें आरंभींचें यश ४५ पैकीं १८, म्हणजे शेंकडा ४०. रीतीनें त्यास मध्याकडे ओढून शेंकडा २९ वर आणलें. उरलेल्या हंगामांत तो खेळला शेंकडा ३४.६ नें! अनेकांना न्याय देणाऱ्या रीतीनें जो खरोखर थोर होता त्याचें मोल कमी केलें. क्लेमेंटेचें कांहीं बिघडलें नाहीं. त्यापूर्वींच त्यानें चार हंगामांत आपल्या गटांत सर्वोच्च सरासरी मिळविली होती, आणि तें ज्यास ठाऊक त्यानें त्यास सामान्यांच्या मध्याकडे ओढलेंच नसतें. पण ज्याच्या मागें कसलाही पूर्वेतिहास नाहीं, अशा एकोणीस वर्षांच्या मुलाचें काय? तो थोर असला तरी गणित त्यास आरंभीं सामान्यच समजणार. थोड्या नोंदींचें हें ऋण असें कोणाला तरी फेडावें लागतें.

या प्रश्नाच्या मुळाशीं जाणारा एक विचार आपल्याच एका मराठी गणितज्ञानें जन्मभर केला. वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म कोल्हापूरचा, साल १९१९. आणि योगायोग असा कीं, भाऊसाहेब निंबाळकरांचाही जन्म कोल्हापूरचाच व सालही तेंच. निंबाळकर पुण्यांत तो डाव खेळले त्याच सुमारास हुजूरबाजार हे केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखालीं पर्याप्ततेच्या सिद्धान्तावर काम करीत होते. पुढें पुणें विद्यापीठांत संख्याशास्त्राचें अध्यापन उभें करण्याचें श्रेय त्यांचें. १९७४ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. पर्याप्तता म्हणजे काय, हें सोप्या भाषेंत असें सांगतां येईल. नाणें शंभर वेळां उडविलें आणि त्याचा कल जाणून घ्यावयाचा आहे. तर कोणत्या वेळीं काय पडलें याची यादी जपण्याचें कारण नाहीं, छापा एकूण किती वेळां पडला एवढा एकच आंकडा पुरतो. बाकीची यादी जाळून टाकली तरी ज्ञानाची हानि होत नाहीं.

पण या सिद्धान्ताला एक अट आहे, आणि आपल्या विषयाचा सगळा अर्थ त्या अटींत आहे. प्रत्येक वेळीं नाणें तेंच व उडविण्याची तऱ्हा तीच असली पाहिजे. खेळांत ही अट क्वचितच पाळली जाते. जवळची फेंक व दूरची फेंक, ताजा पाठलाग व दमलेला पाठलाग, बलिष्ठ गोलंदाजी व दुबळी गोलंदाजी, हीं एकाच नाण्याचीं उड्डाणें नव्हेत. म्हणून नुसती बेरीज जपून यादी जाळली, कीं खेळाडूचें मोल त्या राखेंत जातें. मागाहून कितीही थोर गणिती आला तरी त्यास तें परत काढतां येत नाहीं. नवें संख्याशास्त्र महाविद्यालयीन खेळाडूस न्याय देऊं शकतें तें सूत्रांच्या गुंतागुंतीमुळें नव्हे. कोणीतरी मैदानाच्या कडेस बसून समोर कोण होतें, वेळ कोणती होती, सोबती कोण होते, हें सारें तपशीलवार लिहून ठेवलेलें असतें म्हणून.

आपल्याकडे निवड पुष्कळदां डोळ्यांवर होते. अनुभवी डोळ्याची थोरवी मी नाकारीत नाहीं. तरुणाच्या पायांतील लय, हरतांना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतें, हें डोळाच टिपतो. पण डोळा जेथें जातो तेथेंच पाहतो. निवडसमितीचे सभासद पुण्यामुंबईच्या मैदानावर बसतात. मावळांतून किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलाच्या वांट्यास त्यांच्या दृष्टीचीं दहा मिनिटेंही येतातच असें नाहीं. त्या मुलाच्या वतीनें बोलूं शकेल अशी एकच साक्षीदार असते, ती म्हणजे त्याच्या सामन्यांची नीट लिहिलेली वही. तिच्यांत नुसती बेरीज असेल तर ती साक्ष अपुरी. तपशील असेल तर ती वर्षांनंतरही न्यायासनासमोर उभी राहूं शकते. ज्या शाळेंत, ज्या महाविद्यालयांत खेळाची आवड आहे, तेथें एका हुशार मुलास किंवा मुलीस हें लेखनाचें काम मानानें सोंपवावें, आणि वही हंगाम संपल्यावर रद्दींत जाऊं देऊं नये. एवढें करावयास धन लागत नाहीं.

पुरंदरच्या तहाच्या यादींत तिकोना एकच होता. त्याचें खरें मोल काय, हें जाणावयाचें असेल तर पेठेंतून निघून त्या उभ्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वर जाऊन समोरचा तुंग, पलीकडचे लोहगड-विसापूर व खालचें पवन मावळ एका नजरेंत घ्यावें लागतें. यादी खोटी नव्हती. ती अपुरी होती. खेळाडूच्या नांवापुढील आंकड्याविषयीं हेंच ध्यानांत असूं द्यावें, अशी विनंति करून मी रजा घेतों.